डावीकडे जाणारा चेंडू

आमच्या घरात तेव्हा सुट्टीचे दिवस दोन प्रकारचे होते. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सुट्टी गुरुवारी, कारण चाकणकडच्या त्यांच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. माझी सुट्टी शनिवार-रविवारी, कारण हिंजवडीतली माझी कंपनी परदेशी गिऱ्हाइकांच्या घड्याळावर चालायची. त्यामुळे एका घरात राहूनही अण्णा आणि मी एकमेकांना फार भेटायचो नाही. ते पहिल्या शिफ्टला गेलेले असताना मी उठायचे आणि मी परत यायचे तेव्हा ते जेवून, अंगणातल्या बाजेवर पाय पसरून रेडिओ ऐकत असायचे. मी चपला काढताना ते विचारायचे, “आलीस का?” मी म्हणायचे, “आले.” आमचं दिवसभराचं बोलणं बऱ्याचदा तेवढंच व्हायचं. बाकी बोलणं आई आणि आक्का करायच्या.

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्नानंतर वर्षभरातच ती माहेरी परत आली ती कायमची. का आली, हे घरात कुणी सांगायचं नाही आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. आमची जमीन कंपन्यांसाठी गेली तोपर्यंत शेत तिनंच सांभाळलं. जमीन गेल्यावर उरलेल्या तुकड्यात ती कांदा आणि थोडी बाजरी करायची. घराच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर एका कारखान्याचं कुंपण होतं आणि त्याच्या आतल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा ठोका दिवसभर ऐकू यायचा. पाहुणे आले की त्यांना पहिला तासभर तो आवाज बोचायचा. आम्हाला मात्र तो बंद पडला तरच कळायचं. आई पोळपाटावर भाकरी थापायची ती नकळत त्याच ठेक्यात थापायची. आज चऱ्होलीतल्या फ्लॅटमध्ये, सहाव्या मजल्यावर, मी विकतच्या पिठाच्या भाकऱ्या करते. त्या तशा गोल होत नाहीत. हात आईचाच आहे, पण ठोका नाही.

मी पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि एका भरतीत मला जी नोकरी लागली, ती काय आहे हे घरी समजावून सांगण्यात माझे कित्येक आठवडे गेले. आमची कंपनी बाहेरच्या देशांत तयार होणारे व्हिडिओ गेम तपासून द्यायची. गेम कुठे अडकतो, कुठे चुकीचं दाखवतो, कुठे माणूस भिंतीतून आरपार जातो, ते शोधून लिहायचं. आईला वाटलं मी दिवसभर खेळते आणि त्याबद्दल मला कुणीतरी पगारही देतं. अण्णांनी भावकीत “कॉम्प्युटरवर आहे” एवढंच सांगितलं होतं. गेम हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. पहिले सहा महिने मी तात्पुरती होते. सहा महिन्यांनी कायम केलं नाही तर अण्णांच्याच कारखान्यात, स्टोअरमध्ये, आलेल्या मालाच्या नोंदी करायचं काम मला मिळणार होतं. अण्णांनी तिथल्या साहेबांकडे शब्द टाकून ठेवला होता. त्यांनी मला कधी जा म्हटलं नाही. फक्त महिना संपला की विचारायचे, “किती राहिले?”

चौथ्या महिन्यात मला बेसबॉल मिळाला. बेसबॉल मी तोपर्यंत पाहिलासुद्धा नव्हता. आमच्या टीमचा प्रमुख समीर, औंधचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. त्यानं मला नियमांची एक झेरॉक्स दिली आणि म्हणाला की क्रिकेट विसरून जा, इथे चेंडूला टप्पा नाही. एक माणूस उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो, समोरचा जाड दांडा घेऊन उभा असतो, आणि चेंडू एका अदृश्य चौकटीतून गेला पाहिजे. माझं काम फक्त फेकीचं होतं. आमच्या गिऱ्हाइकाचा नवा गेम तयार होत होता. त्यातली चेंडू फेकायची पद्धत बाजारातल्या दोन गेमांपेक्षा बरी आहे की वाईट, हे सांगायचं होतं. तीनही गेम टेबलावर, एक टीव्ही, आणि हातात कंट्रोलर. त्याच्यावर दोन छोट्या दांड्या असतात, अंगठ्यानं कुठल्याही दिशेला कलतात आणि सोडल्या की मध्ये येऊन उभ्या राहतात. आम्ही त्यांना स्टिक म्हणायचो.

पहिल्या गेममध्ये स्टिकचं काम फक्त नेम धरायला होतं. फेकायचं ते बटणानं. एकदा दाबलं की पडद्यावर एक पट्टी भरू लागते, दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरतो, पट्टी परत येताना तिसऱ्यांदा दाबलं की अचूकपणा ठरतो. सोपं होतं आणि चोख होतं, पण फेकल्यासारखं वाटायचं नाही. धावतं घड्याळ थांबवल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या गेममध्ये उजव्या स्टिकनं आकार काढायचे. सरळ चेंडूला खाली ओढून वर, वळणाऱ्या चेंडूला पाव चक्कर, खाली बुडणाऱ्याला अर्धी चक्कर उलटी. हे मजेचं होतं. पण आकार अर्धवट काढला तरी तो गेम पुरा मानायचा. वर्गात कुणालाच नापास न करणारे एक मास्तर असतात, त्यातला प्रकार. आमचा नवा गेम तिसरा. त्यात स्टिक खाली ओढून धरायची, पडद्यावर एक रेघ वर चढत येते, ती पिवळ्या खुणेला पोचली की स्टिक सरळ वर ढकलायची. ओढ धरल्यानं जोर ठरायचा आणि ढकल किती सरळ गेली त्यावरून नेम. मला तिन्हींत हाच आवडला, हे आधीच सांगते. पुढे जे झालं त्यावरून माझा त्याच्यावर राग होता असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. त्यात हात मागे जायचा, थांबायचा, आणि सुटायचा. बंद खोलीत, एसीच्या गारठ्यात, अंगठ्यापुरतं का होईना, काहीतरी फेकल्याचं सुख त्यात होतं.

फक्त माझा चेंडू डावीकडे जायचा. मी सरळ ढकलायचे आणि तो डावीकडे. थोडासाच, पण चौकटीच्या बाहेर. दोन दिवस मी मुकाट्यानं सराव केला. बेसबॉलसारखं काही न पाहिलेल्या मुलीला हे काम दिलं म्हणून असं होतंय, अशी माझी मीच समजूत घातली. तिसऱ्या दिवशी समीरला दाखवलं. त्यानं कंट्रोलर घेतला, उभ्याउभ्याच दहा चेंडू टाकले, दहाही मधोमध. म्हणाला, “सवय होईल. हा गेम हाताला शिस्त लावतो, तेच तर याचं वैशिष्ट्य आहे.” तो गेले कित्येक महिने हा गेम खेळत होता. त्याच्या कोष्टकात आमच्या गेमच्या अचूकतेचा आकडा पहिल्या दोघांपेक्षा वर होता. माझ्या कोष्टकात तो सगळ्यात खाली. अहवाल एकच जायचा होता, आणि माझ्या कायम होण्याच्या कागदावर शेरा समीरच लिहिणार होता. त्यानं मला धमकी वगैरे काही दिली नाही. तो तसा माणूसच नव्हता. तो एवढंच म्हणाला की नवख्या हाताचे आकडे आत्ताच पाठवण्यात अर्थ नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा मोज.

मी दोन आठवडे मोजलं. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. आई सकाळी निघताना त्यावर तेल चोळायची आणि म्हणायची की खेळून हात दुखतो अशी नोकरी मी जन्मात बघितली नाही. सुधारणा झाली, नाही असं नाही, पण कशी झाली ते मला ठाऊक होतं. मी मुद्दाम उजवीकडे ढकलायला लागले होते. म्हणजे हात वाकडा घातला की चेंडू सरळ जायचा. याला शिस्त म्हणायचं का, हे मला कळत नव्हतं. आणि विचारायचं तर आपण कच्चे आहोत हे कबूल केल्यासारखं होत होतं.

वाट अनपेक्षित ठिकाणाहून निघाली. गिऱ्हाइकानंच कळवलं की ज्यांनी कधीच गेम खेळलेला नाही अशा माणसांकडून तीनही पद्धती करून घ्या आणि त्यांचं मत कळवा. समीरनं सांगितलं की येत्या शनिवारी प्रत्येकानं घरचं एक माणूस आणावं. कुणी वडिलांना आणणार होतं, कुणी मोठ्या बहिणीला. मी अण्णांना विचारलंच नाही. त्यांची शनिवारी ड्युटी होती, पण ते कारण नव्हतं. आईनं पहिल्यांदा पदर तोंडावर घेतला आणि मग साफ नाही म्हणून सांगितलं. आक्का लसूण सोलत बसली होती. म्हणाली, “म्या येते. बघू तरी काय करती ही तिथं.”

शनिवारी सकाळी आम्ही हमरस्त्यावरून सहा आसनी रिक्षा धरली. आक्कानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि हातात पिशवी, पिशवीत भाकरी, मटकीची कोरडी उसळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिथं जेवण मिळतं असं मी सांगून थकले होते. नाशिक फाट्याला कंपनीची गाडी आली. गारेगार गाडीत बसल्यावर आक्कानं डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि वाकडपर्यंत पिशवी मांडीवर धरून ती खिडकीबाहेर बघत राहिली. हिंजवडीच्या अलीकडे गाड्यांची जी रांग लागते तिच्यात आम्ही अडकलो तेव्हा तिनं विचारलं, एवढी माणसं रोज एकाच येळेला कशाला निघतात. ड्रायव्हर हसला. गेटवरच्या वॉचमननं गळ्यात घालायला पाहुण्यांचा पास दिला, तो तिनं डोरल्यासारखा नीट पदराखाली सारून ठेवला.

प्रत्येकासाठी एक फॉर्म होता. मी तो मराठीत विचारून भरत होते. नाव, वय, व्यवसाय. व्यवसायाला आक्का म्हणाली, “शेती.” शेवटचा रकाना होता, याआधी असा काही खेळ खेळला आहे का. तिनं मला उलट विचारलं, यात करायचं काय. मी सांगितलं की हा माणूस चेंडू फेकणार, तू त्याच्याकडून फेकवून घ्यायचा, तो त्या चौकटीत गेला पाहिजे. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, “म्हंजी गोफणच की. लिही गोफण.” मी लिहिलं. गोफण आता किती जणांनी पाहिली असेल कोण जाणे. दोरीची विणलेली झोळी, तिच्यात दगड, एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं मुठीत. डोक्यावरून फिरवायची आणि नेमक्या क्षणी मुठीतलं टोक सोडायचं. बाजरी दाण्यात आली की पाखरं हाकायला आक्का शेतातल्या माळ्यावर उभी राहायची, आणि आमच्या वाडीत तिच्या दगडाच्या भीतीनं कुणी बैल हलवत नसे, हलवायची गरजच नसे. तिचा दगड ती सांगेल तिथंच पडायचा.

पहिल्या गेमची बटणं तिनं पाच मिनिटांत आत्मसात केली आणि तिला कंटाळा आला. दुसऱ्यात आकार काढताना ती हसली. ह्यात कसंबी केलं तरी चालतंय, असं तिचं मत पडलं. तिसरा गेम लावल्यावर मात्र ती खुर्चीत पुढे सरकून बसली. खाली ओढ, थांब, सोड. तिला काही सांगावं लागलं नाही. रेघ खुणेला आली की तिचा अंगठा बरोबर त्याच क्षणी सुटायचा, माझ्याहून आणि बहुधा समीरहूनही नेमका. आणि चेंडू डावीकडे. पुन्हा डावीकडे. वीसेक चेंडू झाले, सगळे तिथंच जाऊन पडले. समीर मागे उभा होता. त्यानं मऊ आवाजात सांगितलं की आजी, ढकलताना हात जरा सरळ ठेवा.

आक्कानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. “हात सरळच गेला,” ती म्हणाली. “माझा हात कुठं गेला ते मला ठावं हाय.”

“पण चेंडू डावीकडे जातोय ना.”

“व्हय, जातोय. म्या चुकले असते तर कधी हिकडं गेला असता, कधी तिकडं. ह्यो सारखा त्याच बांधावर पडतोय. मंग चूक माझी कशी?”

तिचा आवाज चढलेला नव्हता. शेजारच्या टेबलावरची माणसं तरीही थांबली. मला आधी लाज वाटली, मग त्या लाजेचीच लाज वाटली, कारण जे ती म्हणत होती ते मला तीन आठवडे दिसत होतं आणि मी ते माझ्या अंगठ्यावर ढकललं होतं. मी ड्रॉवरमधून माझी वही काढली. मी प्रत्येक चेंडू कुठे पडला ते बारीक टिंबांनी काढून ठेवलं होतं. समीरपुढे ती वही उघडायचा धीर मला त्याआधी झाला नव्हता. मी हात वाकडा घालायला लागण्याआधीची टिंबं सगळी एका कुशीला होती. मी म्हणाले की सर, आज आलेल्या सगळ्यांची काढून बघू या.

समीरनं बराच वेळ वही पाहिली. मग तो आक्काच्या खुर्चीशेजारी खाली गुडघ्यांवर बसला आणि तिला म्हणाला की तुम्ही कसं धरता ते दाखवा. आक्कानं धरलं. खुरपं धरावं तसं, तळव्यात पूर्ण, मूठ मिटून. मीही तसंच धरायचे. आणि तसं धरलं की उजव्या हाताचा अंगठा पुढे जाताना आपसूक थोडा डावीकडे कलतो, त्याचं हाडच तसं बसवलेलं आहे. समीर मात्र लांब बोटांचा, कंट्रोलर बोटांच्या टोकांवर तोलून धरायचा. त्यानं पहिल्यांदाच तो आमच्यासारखा मुठीत धरला आणि चेंडू टाकला. डावीकडे. परत टाकला. डावीकडे.

तो उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, “दर आठवड्याला ते मला विचारायचे, कसं वाटतंय. मी सांगायचो आणि ते त्याप्रमाणे बदलायचे. हा गेम माझ्या अंगठ्यावर बेतला गेलाय.” मग मला म्हणाला, “माझं कोष्टक काढून टाक. तुझं आणि आजच्या लोकांचं पाठव. मी खाली सही करतो.”

मी आजवर बऱ्याच वरिष्ठांबरोबर काम केलं, आता मीही कुणाची तरी वरिष्ठ आहे. स्वतःचे आकडे स्वतःच्या तोंडानं खोडायला सांगणारा माणूस मला पुन्हा क्वचितच भेटला. मला स्वतःला ते एकदाच जमलंय आणि तेव्हाही दोन दिवस लागले होते.

दुपारी कॅन्टीनमध्ये आक्कानं पिशवी उघडली. समीर आमच्याच टेबलावर बसला, त्यानं ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी मागितला. आक्का त्याला गोफण कशी विणतात ते सांगत होती. परतीच्या गाडीत ती झोपून गेली. नाशिक फाट्यावर उतरताना पास द्यायचा राहिला हे आमच्या लक्षात आलं. मी सोमवारी तो परत केला.

अहवाल गेला. तीन आठवड्यांनी गेमची नवी प्रत आली. तिच्यात सुरुवातीलाच खेळणाऱ्याला स्टिक पाच वेळा वर ढकलायला गेमच सांगायचा, आणि ज्याचा अंगठा जसा जाईल तीच त्याची सरळ रेघ धरायचा. मी वीस चेंडू टाकले. काही चौकटीबाहेर गेले, पण चारही दिशांना गेले. त्या चुका माझ्या होत्या. महिनाअखेर मला कायम केल्याचं पत्र मिळालं. घरी आल्यावर अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, इंग्रजीत होतं तरी शेवटपर्यंत वाचलं, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या फाइलमध्ये ठेवलं. स्टोअरच्या साहेबांना त्यांनी काय सांगितलं तेही मला कधी कळलं नाही.

पुढे एका गुरुवारी मी तापामुळे घरी होते. आई आणि आक्का कांदे खुरपायला गेल्या होत्या. अण्णा बाजेवर बसून होते, रेडिओ बंद होता. मी चहा नेऊन दिला. त्यांनी कप हातात धरला आणि पिता पिता थांबले.

“आक्का सांगत व्हती त्या दिवसाचं,” ते म्हणाले. “एकाच बाजूला जातंय म्हनून.”

मी हो म्हटलं.

मग ते जमिनीकडे बघत बोलायला लागले. ते ड्रिलिंग मशीनवर होते, बावीस वर्षं. गेल्या दोन महिन्यांपासून त्यांच्या मशीनवरचा माल परत येत होता. पत्र्यातलं भोक जरा सरकलेलं असायचं. सुपरवायझर प्रत्येक वेळी कागदावर ऑपरेटरची चूक असं लिहायचा आणि अण्णा खाली सही करायचे. डोळे गेले आता, असं त्यांना वाटायला लागलं होतं. घरात त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. दोन महिने ते रोज डबा घेऊन जात होते, रोज त्या कागदावर सही करत होते, आणि घरी येऊन मला “आलीस का?” विचारत होते.

मी विचारलं, भोक कुठल्या बाजूला सरकतं.

“तेच तर इचारतोय,” अण्णा म्हणाले. “ते कसं बघायचं? तू वहीत कसं लिहितीस ते मला दाव.”

मी आतून वही आणि पट्टी आणली. एका पानावर पत्र्याचा चौकोन काढला आणि मधोमध एक बारीक फुली. त्यांना सांगितलं की रोज दहा नग घ्यायचे, निवडायचे नाहीत, जसे येतील तसे, आणि भोक जिथं दिसेल तिथं टिंब द्यायचं. चांगलं आलं तरी द्यायचं. अण्णांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि आपल्या जाड बोटांनी, कागद फाटणार नाही अशा बेतानं, सरावाचं पहिलं टिंब दिलं. मग मान वर करून मला विचारलं, “बराबर हाय?”